छाती साफ आहे

"आजोबा, आज जरा खोकू नका," सिस्टर पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याला म्हणाली.

"मग आलोय कशाला?" आजोबांनी विचारलं.

"तसं नाही हो. आज दवाखाना तपासायला माणसं यायची आहेत. डॉक्टरांच्या खोलीत गेलात की खोका हवं तेवढं. इथे बसून नको."

आजोबा जन्मभर पोस्टमनची नोकरी केलेले, त्यामुळे वरून आलेला हुकूम पाळायचा एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंडाशी धरला आणि शाळेतल्या शहाण्या मुलासारखे ताठ बसले. शेजारच्या दोघींना हसू आलं. सिस्टरला आलं नाही.

सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. डुगडुगणारी खुर्ची तिने मागच्या खोलीत नेऊन लपवली. औषधांच्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असलेला स्वतःचा जेवणाचा डबा काढून पिशवीत टाकला. बेसिनवर कोरा साबण ठेवला आणि तो कोरा दिसतोय असं वाटून दोनदा हात धुऊन त्याला जरा वापरातला केला. दवाखान्याला दर्जा मिळाला तर तो चालू राहणार होता. नाही मिळाला तर दार बंद, आणि या भागातल्या सगळ्यांनी पुलापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात जायचं, असं वरून कळवलं होतं. पुलापलीकडे जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या. हातीपायी धड असलेल्याला त्याचं काही नाही, पण हातीपायी धड असलेला दवाखान्यात कशाला जाईल?

आणि डॉक्टर? डॉक्टरांचं काय होईल, हा विचार सिस्टर करतच नसे. सत्तरी ओलांडलेला उंच, किंचित वाकलेला माणूस. या भागातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. कुणाच्या आजीला कसला त्रास होता, कुणाला कुठल्या गोळीने पुरळ येतं, सगळं तोंडपाठ. सिस्टरचा नवरा अचानक गेला तेव्हा ती पदरात लहान मुलगा घेऊन याच बाकावर बसली होती आणि डॉक्टर म्हणाले होते, "उद्यापासून कामावर ये. रडायचं असेल तर ड्रेसिंगच्या खोलीत रड, तिथे कापूस आहे." ती आली, आणि कापूस फार लागला नाही.

तर या डॉक्टरांना अलीकडे ऐकू कमी येऊ लागलं होतं.

हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस एका बाईने पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि डॉक्टर तिच्या गुडघ्याला हात लावून बघायला लागले. बाईला वाटलं, मोठे डॉक्टर आहेत, पोटाचं मूळ गुडघ्यात असेल. सिस्टर मात्र बाजूला उभी होती. ती घाईघाईने मोठ्याने म्हणाली, "पोटात दुखतंय म्हणालात ना? उजव्या बाजूला?" डॉक्टरांचा हात गुडघ्यावरून उठला. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं नाही. सिस्टरनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून ती प्रत्येक रुग्णामागे उभी राहायची आणि त्याचं बोलणं प्रश्न विचारल्यासारखं करून परत म्हणायची. "कालपासून ताप?" "रात्री झोप नाही म्हणता?" "जेवण जातच नाही?" इतकं बेमालूम की रुग्णांना वाटे, सिस्टर फार आपुलकीने विचारते. त्या खोलीत हळू बोलायची तिची सवयच मोडली.

एवढ्यावर भागत होतं. पण माणसाच्या छातीतला आवाज कोण परत मोठ्याने म्हणणार?

गेल्या थंडीत तिची नात चिंगी खोकत होती. सिस्टर तिला कडेवर घेऊन आली. डॉक्टरांनी नळी लावली, पाठीवर लावली, डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं आणि चिंगीच्या गालाला हात लावून म्हणाले, "छाती साफ आहे." दुसऱ्या दिवशी चिंगीच्या नाकपुड्या भात्यासारख्या हलू लागल्या. सून घाबरली. सिस्टरने कुणाला न सांगता तिला पुलापलीकडे नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरने नळी लावली आणि लगेच काढून म्हणाला, "हिला ठेवून घ्यावं लागेल." चिंगी बरी होऊन घरी आली. तेव्हापासून चिंगीला शिंक आली तरी ती पुलापलीकडे जाते.

नातीला दुसरीकडे नेलं याची सिस्टरला लाज नव्हती. लाज वेगळ्याच गोष्टीची होती. चिंगीला तिथे खाटेवर ठेवून ती सकाळी कामावर आली होती, आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली होती, "चला, पुढचं कोण? बाळाला घेऊन आत या."

डॉक्टरांनी विचारलं होतं, "चिंगी कशी आहे?"

"बरी आहे," ती म्हणाली होती.

---

तपासणीच्या बाई एकट्याच आल्या. स्वतःही डॉक्टर, सपाट चपला, आवाज मऊ. सिस्टरने मनात जी कडक बाई उभी केली होती तिच्यापेक्षा ही बरीच साधी निघाली, आणि त्यामुळे सिस्टरला जास्तच अवघडल्यासारखं झालं. बाईंनी फ्रिज उघडून पाहिला, औषधांच्या तारखा पाहिल्या, सुया कुठे टाकता ते विचारलं. सगळं जिथल्या तिथे होतं. त्या मान हलवत होत्या आणि प्रत्येक वेळी सिस्टरचा जीव भांड्यात पडत होता.

मग त्या ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसल्या. सिस्टरलाही बसायला सांगितलं.

"आता एक शेवटचा प्रश्न. हा मी सगळीकडे विचारते," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात कुणी आजारी पडलं तर तुम्ही इथेच आणता?"

सिस्टरने फ्रिजची तयारी केली होती, साबणाची केली होती, या प्रश्नाची केली नव्हती.

"हो तर," ती म्हणाली. "दुसरीकडे कशाला?"

"नातवंडंसुद्धा?"

"सगळे इथेच."

बाई हसल्या. "झालं मग. खरं सांगू का, मला बाकी कशाहीपेक्षा याच उत्तरावरून कळतं." आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

सिस्टर उठली आणि उगाच कापसाच्या डब्याचं झाकण घट्ट करत राहिली. झाकण आधीच घट्ट होतं.

बाहेरच्या खोलीत बाई एकेकाशी बोलायला लागल्या. आजोबांपाशी आल्या. "काय त्रास होतो तुम्हाला?"

"खोकला," आजोबा रुमालाआडून म्हणाले. "पण आज बंदी आहे."

सगळी खोली हसली. बाईही हसल्या. "डॉक्टर कसे आहेत?"

"देवमाणूस. मी टपाल टाकायला यायचो तेव्हापासून बघतोय. माझी बायको शेवटची आजारी होती तेव्हा रोज घरी येऊन बसायचे. औषध काही नव्हतं तिला, नुसते बसायचे."

हेही खरं होतं. सिस्टर दारात उभी राहून ऐकत होती आणि तिला वाटत होतं, बाईंनी हेच लिहावं आणि निघून जावं.

आजोबांच्या पलीकडे शिंपीण बसली होती. कोपऱ्यावरच्या घरात मशीन टाकून कपडे शिवायची. मांडीवर तिचा मुलगा, तीन-चार वर्षांचा, जाड स्वेटर आणि कानटोपीत गुंडाळलेला. डोळे उघडे, पण कुठे बघत नव्हता.

"परवाच दाखवून गेले," शिंपीण बाईंना सांगत होती. "छाती साफ आहे म्हणाले, सिरप दिलं. सिरपने ताप उतरतो, पण खोकला जात नाही, म्हणून परत आणलं. मालक म्हणत होते, पुलापलीकडे ने. पण सिस्टर म्हणाल्या, कशाला एवढ्या लांब, आमची चिंगीसुद्धा इथेच बरी झाली. मग म्हटलं, त्या आतल्या गोटातल्या. त्या आपल्या नातीला इथे आणतात तर मी कशाला फार विचार करू?"

हे सिस्टर म्हणाली होती. परवाच, दारात, शिंपिणीचा हात धरून. तपासणी तोंडावर आली होती, माणसं पुलापलीकडे जायला लागली तर दवाखाना कुणासाठी चालू ठेवायचा असं वरचे म्हणतील, एवढाच तिचा हिशेब होता. म्हणताना तिला ते खोटं वाटलंही नव्हतं. चिंगी बरी झाली होती हे खरं, आणि बाकीचं रेटून नेलं होतं.

बाईंनी वळून सिस्टरकडे कौतुकाने पाहिलं. सिस्टरने मान खाली घातली. लाजली असं सगळ्यांना वाटलं असेल, आणि ते काही चूक नव्हतं.

---

बाई डॉक्टरांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. आधी आजोबा आत गेले. खोकायची परवानगी मिळताच त्यांनी अगदी मन मोकळं केलं.

"काल जिना चढताना दम लागला," ते म्हणाले.

"जिना चढताना दम लागला म्हणता?" सिस्टरने मागून विचारलं. "कालच?"

डॉक्टरांनी मान हलवली, पाय दाबून सूज पाहिली, गोळी बदलून दिली, सुनेशी पटतं का ते विचारलं. आजोबा म्हणाले, पटतं. सिस्टर म्हणाली, "पटतं म्हणता?" डॉक्टर हसले. सगळं लोण्यासारखं चाललं होतं.

आजोबा बाहेर गेल्यावर बाई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही रुग्णाचं बोलणं परत म्हणता ना, ही पद्धत मला फार आवडली. माणसाला वाटतं, आपलं कुणीतरी नीट ऐकलं. मी बाकीच्या दवाखान्यांनाही सांगणार आहे."

डॉक्टरांना हे ऐकू गेलं नसावं. ते टेबलावरचं पेन सरळ करत होते. सिस्टरला मात्र चोरी करताना पकडून हार घातल्यासारखं वाटलं. तिने दार उघडून शिंपिणीला आत घेतलं.

शिंपिणीने पोराला टेबलावर बसवलं. स्वेटर वर केला. डॉक्टरांनी नळी तळहातावर घासून कोमट केली. लहान मुलांसाठी ते कधी विसरत नसत. छातीवर लावली, पाठीवर लावली. डोळे मिटले.

सिस्टर पोराच्या चेहऱ्याकडे बघत होती. नाकपुड्या हलत होत्या. बारीक, भराभर. थंडीत तिने चिंगीच्या अशाच पाहिल्या होत्या, घरच्या पलंगावर.

"छाती साफ आहे," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं. शिंपिणीचा चेहरा सैलावला. ती स्वेटर खाली ओढायला लागली. सिस्टरला वाटलं, अजून वेळ आहे. हे लोक आत्ता बाहेर पडतील, मग मागून जाऊन हिला हळूच सांगू, आजच्या आज पुलापलीकडे घेऊन जा, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. दवाखानाही राहील, पोरही. किती सोपं होतं. किती दिवस ती असंच काहीतरी सोपं करत आली होती. आणि शिंपीण गेली नसती तर? सिरप आहे, मशीनवर काम पडलंय, डॉक्टर साफ म्हणालेत, उद्या जाऊ, असं म्हणाली असती तर?

सिस्टरने डॉक्टरांपुढे हात केला.

दोन रुग्णांच्या मध्ये नळी स्पिरिटने पुसायचं काम तिचंच होतं. डॉक्टरांनी रोजच्यासारखी मान खाली वाकवली, तिला गळ्यातून नळी काढून घेता यावी म्हणून. वरचे पांढरे केस विरळ झाले होते. त्या वाकलेल्या मानेवरून तिने नळी काढली आणि कोपऱ्यात बसलेल्या बाईंपुढे धरली.

"बाई, तुम्ही ऐकता का एकदा?"

डॉक्टर मान वर करून बघत राहिले. "काय म्हणालीस?"

ते तिच्या तोंडाकडे बघत थांबले. दर वेळी ती परत सांगायची. या वेळी तिने सांगितलं नाही.

बाई उठल्या. पोराच्या पाठीला नळी लावली, थोडी सरकवली, मग तिथेच धरून ठेवली. स्वेटर पूर्ण वर करून बरगड्यांकडे पाहिलं. त्यांचा मऊ आवाज जरा बदलला. "याला आत्ता न्यायला हवं. न्यूमोनिया आहे. मी गाडी बोलावते."

"पण डॉक्टर साफ म्हणाले," शिंपीण म्हणाली. "परवाही साफ म्हणाले." ती एकदा बाईंकडे, एकदा डॉक्टरांकडे बघत होती, आणि शेवटी तिची नजर ओळखीच्या माणसाकडे वळली. "सिस्टर, तुम्ही सांगा ना. चिंगीचीही छाती अशीच साफ म्हणाले होते ना? आणि ती इथेच बरी झाली ना?"

"चिंगी इथे बरी नाही झाली," सिस्टर म्हणाली. "चिंगीला मी पुलापलीकडे नेते. थंडीपासून."

तिला हळू बोलायचं होतं. पण तोंडातून निघाला तो त्या खोलीतला नेहमीचा आवाज, एकेक शब्द सुटा, मोठा, डॉक्टरांना पोचेल असा. आणि तो पोचला. त्या दिवशी तोवर कुणी परत न म्हणता डॉक्टरांनी नीट ऐकलेलं तेवढं एकच वाक्य.

बाहेरच्या खोलीतल्या माना वळल्या. दार अर्धवट उघडंच होतं.

शिंपिणीने सिस्टरकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर सिस्टरने ते सोसलं असतं. ती कपड्याचं माप घेताना बघावं तसं नुसतं बघत राहिली, वरपासून खालपर्यंत. मग तिने पोराची कानटोपी नीट केली, त्याला उचललं आणि बाहेर गेली. बाई तिच्यामागे निघाल्या. दारात थांबून त्या सिस्टरला म्हणाल्या, "मघाशी मी तुम्हाला विचारलं होतं."

"खोटं सांगितलं मी."

"मला हे सगळं लिहावं लागेल."

"लिहा," सिस्टर म्हणाली.

---

गाडी आली आणि गेली. सिस्टरने बाहेरच्या माणसांना सांगितलं, आज दवाखाना बंद. कुणी का म्हणून विचारलं नाही, त्यामुळे तिला सगळ्यांच्या तोंडाकडे न बघताच आतलं दार लावता आलं.

डॉक्टर खुर्चीत तसेच बसले होते. नळी टेबलावर होती, बाईंनी ठेवली तशी. सिस्टरने ती उचलून स्पिरिटने पुसायला घेतली. हाताला काहीतरी काम हवं होतं.

"थंडीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"मी विचारायचो तेव्हा बरी आहे म्हणायचीस."

"बरीच होती."

डॉक्टरांनी मान हलवली. मग म्हणाले, "मला ऐकू येत नाही हे काय मला कळत नव्हतं? नळी लावायचो तर नुसता माझ्याच कानातला आवाज. पण मला वाटायचं, तू मागे उभी आहेस. काही चुकलं तर तू बोलशील. पोटाच्या वेळी बोललीस तशी."

"मला वाटायचं, तुम्ही थांबाल," सिस्टर म्हणाली.

एवढी वर्षं एकमेकांना सांभाळून घेतलं, आणि सांभाळून घेता घेता किती पोरं या टेबलावरून स्वेटर खाली ओढून घरी गेली, ते दोघांपैकी कुणालाच आठवायचं नव्हतं. सिस्टरला आठवत होती. तिनेच त्यांना आत घेतलं होतं, तिनेच त्यांच्या आयांना म्हटलं होतं, काळजी करू नका. आपली तेवढी वाचवली आणि बाकीच्यांना हाक मारली. तिला शरमेने अंग चोरून घ्यावंसं वाटत होतं, पण खोली होती तेवढीच होती.

दुपारी बाईंचा फोन आला. पोराला ऑक्सिजन लावलाय, वेळेत आणलं, बरा होईल. सिस्टरने ते मोठ्याने परत म्हटलं, "वेळेत आणलं म्हणतात. बरा होईल." डॉक्टरांनी डोळे पुसले. सिस्टरला रडू आलं नाही. वेळेत हा शब्द तिच्या कानात टोचत राहिला. वेळेत म्हणजे परवा, जेव्हा तिने दारात शिंपिणीचा हात धरला होता.

डॉक्टर उठले. अंगातला पांढरा कोट काढून त्यांनी खुंटीला न लावता त्याची घडी केली, बाह्या आत दुमडून. मग घडी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"ती जाताना काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"पोराची आई. दारातून जाताना. तुझ्याकडे बघत होती. काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

डॉक्टरांनी कानामागे हात धरला. आजवर त्यांनी तिच्यासमोर असं कधी केलं नव्हतं.

सिस्टर टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेली आणि आवाज चढवून म्हणाली, "काहीच म्हणाली नाही, डॉक्टर. एक शब्द नाही."

तपासून झालेलं, दवाखाना बंद म्हणून सांगितलेलं, तरी बाहेरच्या खोलीत आजोबा पहिल्या रांगेत बसूनच होते. त्यांना खोकल्याची उबळ आली होती. त्यांनी रुमाल तोंडाशी घट्ट धरला आणि ती दाबून ठेवली.